डिझेल काढून लाकडाचा भुसा जाळायचाय? मग सुरुवात हॉपरपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिल्लोडकडे मक्याचा ड्रायर आहे. हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे धुराच्या उष्णतेवर वेगळी हवा तापवणाऱ्या नळ्यांमधून, गरम हवा देणारा, ताशी साधारण ७० लिटर डिझेल पिणारा. वाळूजच्या पॅलेट आणि पॅकिंग बॉक्सवाल्यांकडून पाइन लाकडाचा भुसा मिळतोय. "डिझेल बर्नर काढून त्याच फ्लँजला (जोडणीच्या कड्याला) भुशाचा बर्नर बसेल का? आमचा फॅब्रिकेटर चांगला आहे, फक्त ड्रॉइंग हवंय. आणि भुसा कमी पडला तर तूस किंवा सोयाबीनचं कुटार टाकलं तर चालेल का?"

त्याच फ्लँजला बसणार नाही. ड्रॉइंगही लगेच देत नाही, कारण ड्रॉइंग बर्नरचं निघतं आणि त्रास बर्नरच्या मागे होतो. तीसेक वर्षं हॉट एअर जनरेटर आणि बॉयलरवर काढली. भुशाच्या ज्या भट्ट्या बंद पडलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेकांच्या ज्वालेत खोट नव्हती. भुसा हॉपरमधून, म्हणजे साठवणीच्या टाकीतून, तिथपर्यंत नीट पोचतच नव्हता.

तुमच्या घरात पूर्वी भुशाची शेगडी असेल तर आठवा. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. सकाळी पेटवलेली शेगडी दुपारपर्यंत धगधगत राहायची. आता तोच भुसा मूठभर घेऊन जाळावर उधळा. एका भडक्यात संपतो. लाकूड तेच, उष्णताही तेवढीच, फरक एवढाच की एकीकडे हवा फक्त आतल्या भोकाच्या भिंतीला लागत होती आणि दुसरीकडे प्रत्येक कणाला चारी बाजूंनी लागली. औद्योगिक बर्नर म्हणजे ही दुसरी गोष्ट तासन् तास, सेकंदही न चुकता करत राहणं. 'न चुकता' या दोन शब्दांत सगळी मेहनत आहे.

आधी आकडे मांडू, म्हणजे फॅब्रिकेटरशी बोलताना हवेत गोष्टी नकोत.

७० लिटर डिझेल म्हणजे लिटरला साधारण ८,५०० किलोकॅलरी धरून ताशी सहा लाखांच्या आत. त्यातले पाच लाखांच्या आसपास हवेत जातात. भुशावर एकूण कार्यक्षमता ७२ टक्के धरा. जास्त सांगणाऱ्याला नळ्यांवर राख बसल्यावरचा आकडा विचारा. म्हणजे भट्टीत ताशी सुमारे ६ लाख ९४ हजार किलोकॅलरी घालावे लागतील. बारा टक्के ओलाव्याच्या भुशात किलोमागे ३,८५० च्या आसपास वापरता येण्यासारखी उष्णता असते. उत्तर आलं ताशी १८० किलो. डिझेलच्या एका लिटरला अडीच किलो भुसा, हे लक्षात ठेवायला सोपं.

१८० किलो म्हणजे सेकंदाला ५० ग्रॅम. सैल भुसा घनमीटरला १८० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे दर सेकंदाला एक फुलपात्र भुसा भट्टीत पडला पाहिजे. एकदा दोन आणि एकदा शून्य असं नाही. दर सेकंदाला एक. बारा तासांच्या पाळीला बारा घनमीटर, म्हणजे लहानशी खोली भरून. हा माल कुठे ठेवणार, कोण ओतणार, पावसात काय करणार, ते आधी ठरवा.

हवा किती? सुक्या लाकडाला किलोमागे जवळपास सहा किलो हवा लागते, हा रसायनाचा हिशोब. १८० किलोत सुकं लाकूड १५८ किलो, म्हणून ९४५ किलो हवा. पण तेवढीच दिली तर धूर होतो, आणि जिथे जळेल तिथे तापमान विटा आणि राख दोघांनाही सोसणार नाही. भुसा वाहत्या हवेत जाळताना मी ८० टक्के जादा हवा धरतो. चेंबर मग ११०० अंशांच्या आसपास राहतं. फक्त ४० टक्के जादा हवेवर सैद्धांतिक तापमान १५०० च्या घरात जातं. आकडा ऐकायला छान वाटतो, पण एका हंगामात अस्तर चकाकायला लागतं, कारण राखेतले क्षार विटेशी मिळून काच बनवतात. ८० टक्के जादा धरून ताशी १,७०० किलो, म्हणजे समुद्रसपाटीवर १,४६५ घनमीटर हवा. आपलं मराठवाड्याचं पठार पाच-सहाशे मीटर उंचावर आहे, हवा तितकी विरळ, त्यामुळे कॅटलॉगमधला ब्लोअर जसाच्या तसा उचलू नका. २,००० घनमीटरचा घ्या आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावून खाली आणा.

आता चेंबर. इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. डिझेलचा थेंब केसाएवढा असतो आणि क्षणात वाफ होऊन जळतो. भुशाच्या कणाला तीन पायऱ्या चढाव्या लागतात: पाणी उडणं, मग लाकडातला वायू निघून जळणं, मग उरलेला निखारा जळणं. लाकडाच्या वजनाचा पाऊण भाग वायू होऊन निघतो, म्हणून ज्वाला भरघोस दिसते आणि माणूस फसतो. उरलेला निखारा हट्टी असतो. त्याला जळायला लागणारा वेळ कणाच्या जाडीच्या जवळपास वर्गाने वाढतो: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. डिझेलसाठी केलेल्या पोलादी नळकांड्यात भुसा सोडलात तर वायू जळेल, निखारे एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन बसतील आणि उरलेले चिमणीतून शेजारच्या कडब्यावर पडतील. मक्याच्या हंगामात अंगणभर कडबा असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून बाहेर वेगळं, आतून विटांचं किंवा कास्टेबलचं (ओतून बसवायच्या, उष्णता सोसणाऱ्या काँक्रीटचं) अस्तर असलेलं चेंबर लागेल. निघणारा वायू ताशी १,८८० किलो. ११०० अंशांना फुगून तो सेकंदाला दोन घनमीटर होतो. त्याला दीड सेकंद आत ठेवायचा तर तीन घनमीटर जागा पाहिजे. अस्तराच्या आतला व्यास १.२ मीटर आणि लांबी २.७ मीटर, झालं. घनमीटरमागे ताशी सव्वादोन लाख किलोकॅलरी येतात. याहून निम्म्या जागेतही लोक जाळतात, पण त्यांचा भुसा पिठासारखा बारीक असतो.

दीड सेकंद वायूसाठी झाला. जाड कणाला तेवढा पुरत नाही, म्हणून त्याला अडवून धरायचं. दुय्यम हवा, म्हणजे भुशाबरोबर न जाणारी वेगळी हवा, कडेने, परिघाला स्पर्श करत सोडायची. मी एकूण हवेचा पाऊण हिस्सा, ताशी १,१०० घनमीटर, समोरासमोरच्या दोन फटींतून सेकंदाला २८ मीटर वेगाने सोडतो. हिशोबाने प्रत्येक फट ५ सेंटीमीटर बाय ११ सेंटीमीटरची येते. आत चक्रीवादळ उठतं, जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि जळून हलके होईपर्यंत तिथेच फिरत राहतात. बाहेर पडायचं तोंड चेंबरच्या निम्म्या व्यासाचं ठेवा, ६० सेंटीमीटर. त्या गळ्यामुळे भिंतीलगतचे निखारे आत अडतात. फॅब्रिकेटर हा गळा "अडथळा" समजून हमखास मोठा करतो. करू देऊ नका. उरलेल्या हवेतली २३० घनमीटर भुशाबरोबर जाते आणि शे-सव्वाशे तळाच्या छोट्या जाळीखालून, तिथे पडलेल्या निखाऱ्यांसाठी.

चेंबरमधून निघालेला ११०० अंशांचा वायू थेट एक्स्चेंजरवर घालू नका. मध्ये मिसळण्याची जागा ठेवा आणि ८०० ते ८५० पर्यंत खाली आणा. त्यासाठी ताजी हवा वापरण्यापेक्षा चिमणीकडचा दोनशे अंशांचा वायू थोडा परत फिरवा, कार्यक्षमता वाचते. तुमचा जुना एक्स्चेंजर दाट पंखांच्या नळ्यांचा असेल तर तो बदलावाच लागेल. साठ मिलिमीटरपेक्षा अरुंद नळी राखेने भरते, आणि ब्रश घालायला समोर दार नसेल तर कामगार ते काम पुढच्या हंगामावर ढकलतो. एक्स्चेंजर काढून टाकून धूर सरळ मक्यातून फिरवायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. धुरातली काजळी दाण्यावर बसते, वास लागतो, आणि एक ठिणगी ड्रायरमध्ये गेली तर मका आणि ड्रायर दोन्ही जातात.

इथवरचं कुठलाही चांगला इंजिनियर करून देईल. आता मागचं बघू.

भुसा पाण्यासारखा वाहत नाही. त्याचे तंतू एकमेकांत अडकतात, आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या हॉपरमध्ये तो कमान धरतो. खालून भुसा पुढे ढकलणारा स्क्रू फिरतोय, वर हॉपर काठोकाठ भरलाय आणि मध्ये पोकळी. ज्वाला विझते. मग कुणीतरी येऊन हॉपरला हातोडा मारतो, कमान कोसळते, मणभर भुसा एकदम तापलेल्या चेंबरमध्ये जातो आणि भट्टीच्या दारातून भडका बाहेर येतो. कुठल्याही भुशाच्या भट्टीचा हॉपर बघा. पत्र्यावर हातोड्याचे जितके पोचे, तितकं डिझाइन चुकलेलं. धान्याच्या हॉपरचा नकाशा इथे चालत नाही. भिंती सरळ उभ्या ठेवा, किंवा खाली जाताना किंचित रुंदावत जाणाऱ्या ठेवा. तळ सपाट, आणि तळाची पूर्ण रुंदी हलती: शेजारी शेजारी दोन-तीन स्क्रू, किंवा हळू फिरणारा हात. स्क्रूचा पिच (लागोपाठच्या दोन पात्यांमधलं अंतर) पुढे जाताना वाढत गेला पाहिजे, नाहीतर तो फक्त मागच्या टोकाचा भुसा उचलतो आणि पुढचा जागेवर दबून घट्ट होतो.

त्यानंतर मोजणारा स्क्रू. १५० मिलिमीटर व्यास, १०० मिलिमीटर पिच घेतलात तर फेऱ्यामागे साधारण १.४ लिटर भुसा सरकतो. तुम्हाला मिनिटाला सोळा-सतरा लिटर हवाय, म्हणजे बारा फेरे. गणित बरोबर आहे आणि तरीही यात एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलोय.

एका कारखान्यात भट्टी चालू केली. ज्वाला उत्तम, तापमान जागेवर, पण चिमणीतून धूर उचक्या दिल्यासारखा यायचा. काळा, मग स्वच्छ, परत काळा. मालक म्हणाले हवा कमी आहे. हवा वाढवली, तर काळ्या उचक्या तशाच आणि तापमान खाली. दोन दिवस डॅम्पर (हवेच्या झडपा) फिरवले. तिसऱ्या दिवशी चहा पीत बाहेर बसलो होतो, सहज घड्याळ लावलं. दर पाच सेकंदांनी एक उचकी. आत जाऊन स्क्रूचे फेरे मोजले: मिनिटाला बारा. स्क्रूचं एकच पातं टोकाशी येऊन दर फेऱ्याला पाव किलोचा ढीग एकदम टाकत होतं. सरासरी ताशी १८० किलो अगदी बरोबर, पण भट्टी सरासरी जाळत नाही, समोर येईल तो ढीग जाळते. शेवटच्या वीतभर लांबीत दुसरं पातं जोडलं, टोकाशी कंगव्यासारखी पट्टी बसवली, आणि खाली तिप्पट वेगाने फिरणारा दुसरा स्क्रू दिला जो कधीच पूर्ण भरत नाही. उचक्या थांबल्या. हवा पुन्हा कमी करता आली. त्या दिवसापासून चिमणी बघताना हातात घड्याळ असतं.

दोन स्क्रूंच्या मधल्या त्या उडीचा आणखी एक फायदा आहे. तिथे भुशाची सलगता तुटते. सलग भरलेला स्क्रू म्हणजे वातच. आग तिच्यावरून सावकाश, आवाज न करता मागे चढते. उडीनंतर रोटरी एअरलॉक, म्हणजे भुसा खाली सोडणारी पण वायू वर येऊ न देणारी फिरती पाती, आणि त्याखाली ब्लोअरच्या पाइपमधली व्हेंच्युरी, म्हणजे भुसा आत ओढून घेणारा अरुंद गळा. पाइपात वेग सेकंदाला २० मीटर ठेवा. ताशी २३० घनमीटर हवेला अडीच इंची पाइप बरोबर बसतो. वेग पंधराच्या खाली गेला की भुसा तळाशी बसायला लागतो. शिवाय हा वेग ज्वालेला मागे येऊ देत नाही. पाइपातलं मिश्रण पेट घेण्याजोगंच असतं, आपण फक्त त्याला मागे जाळायला सवड देत नाही. म्हणूनच व्हीएफडीने बर्नर कमी करताना भुसा कमी करा, या पाइपातली हवा कमी करू नका. एअरलॉकच्या पात्यांची फट दर महिन्याला फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. पाती झिजली की गरम वायू वर चढतो, वाफ हॉपरमध्ये जमते, आणि भुसा ओला झाला म्हणून लोक पुरवठादाराशी भांडतात.

वीज जाण्याबद्दल बाहेरच्या पुस्तकांत फारसं सापडणार नाही, पण आपल्याकडे तोच पहिला प्रश्न. वीज गेली की काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. स्क्रू थांबला, ब्लोअर थांबला, आयडी फॅन (धूर ओढून चिमणीत सोडणारा पंखा) थांबला. दीड-दोन टन विटा लालभडक आहेत. पाइपात आणि एअरलॉकमध्ये भुसा आहे. ड्रायरचा मोठा पंखाही थांबला, म्हणजे एक्स्चेंजरच्या नळ्यांना थंड करणारं काही उरलं नाही. मिश्रण-कप्प्याच्या वर एक उभी आपत्कालीन चिमणी द्या. तिच्या तोंडावरचं झाकण वजनाने आपोआप उघडणारं हवं, आणि चालू स्थितीत इलेक्ट्रोमॅग्नेटने बंद धरलेलं. वीज गेली की चुंबक सुटतो, झाकण उघडतं, गरम वायू वर निघून जातो. यात माणूस नको, बॅटरी नको. झाकण महिन्यातून एकदा मुद्दाम सोडून बघा, कारण गंजून चिकटलेलं झाकण असून नसल्यासारखं.

हे न केलेल्या एका ठिकाणी मला रात्री बोलावलं होतं. वीज गेली, पाऊण तासाने आली, ऑपरेटरने सवयीने सगळं परत चालू केलं. मधल्या वेळात आग एअरलॉकमधून स्क्रूत आणि स्क्रूतून हॉपरमध्ये चढली होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पत्र्याला हात लावला तर चटका. सुदैवाने कुणी वरचं झाकण उघडलं नाही. धुमसणाऱ्या भुशाचं झाकण उघडलं की आत ताजी हवा जाते, साचलेला वायू पेटतो, आणि वाकून बघणाऱ्याचा चेहरा सर्वांत आधी सापडतो. बारीक फवाऱ्याने पाणी सोडत सकाळपर्यंत बसलो. जोराचा पाइप मारला असता तर धूळ उडाली असती, तेही तितकंच वाईट. तेव्हापासून मोजणाऱ्या स्क्रूच्या नळीवर तापमानाचा सेन्सर आणि त्याला जोडलेला पाण्याचा व्हॉल्व्ह, टाकी उंचावर, वीज लागणार नाही अशी, हे माझ्या कोटेशनमध्ये ऐच्छिक नसतं. ज्या गिऱ्हाइकाला ते खर्चिक वाटतं त्याला मी दुसरा माणूस सुचवतो.

इंटरलॉक, म्हणजे काही बिघडलं की आपोआप बंद करणाऱ्या सोयी, चारच, पण कुणालाही बायपास करता येणार नाहीत असे. आयडी फॅन बंद तर भुसा बंद. चेंबर सहाशे अंशांच्या खाली तर भुसा बंद. एअरलॉक थांबला तर त्याच्या वरचं सगळं बंद. चेंबरमध्ये दाब धन झाला तर भुसा बंद. चेंबर कायम दोन ते पाच मिलिमीटर पाण्याच्या ऋण दाबात चालवा. दाराच्या फटीशी धरलेला कागदाचा कपटा आत ओढला गेला पाहिजे.

पेटवताना भुशाने पेटवू नका. तळाच्या जाळीवर लाकडं रचा, आयडी फॅन मंद ठेवा आणि अस्तर लाल दिसेपर्यंत थांबा. नवं कास्टेबल असेल तर पहिल्यांदा हे काम काही दिवसांचं आहे, निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे पायरी पायरीने. घाई केली तर आतल्या वाफेने अस्तराचे पोपडे उडतात. लाल झाल्यावर भुसा पाव प्रमाणात सुरू करा. बघण्याच्या काचेतून ज्वाला पिवळसर-पांढरी आणि भिंतीला लपेटून फिरणारी दिसली पाहिजे. लाल आणि आळशी दिसली तर हवा कमी किंवा भुसा ओला. चांदण्यांसारख्या ठिणग्या गळ्यातून बाहेर जाताना दिसल्या तर कण मोठे आहेत.

आता प्रत्यक्ष भुसा. बारा टक्के ओलाव्याला १८० किलो लागतो, तीस टक्क्यांना २३६ आणि पन्नास टक्क्यांना ३६० किलो. पन्नास टक्क्यांचा भुसा या चेंबरमध्ये नीट जळणारच नाही, पण तो स्वस्त म्हणून घेणारे आहेत, आणि ते पाण्याचं ट्रकभाडं भरतात. वाहत्या हवेत जाळायचा तर पंधरा टक्क्यांच्या आत ठेवा. पॅलेटचं पाइन बहुधा वाळवून आलेलं असतं, ही तुमची जमेची बाजू. पुरवठादार मात्र गोणी उघड्यावर ठेवतो. शंभर ग्रॅम भुसा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा, घटलेले ग्रॅम म्हणजे टक्के. प्रत्येक गाडीला करा. गाडीशी उभ्या उभ्या अंदाज हवा असेल तर मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गाडी परत पाठवा.

जाडीसाठी दीड मिलिमीटरची चाळण घ्या, म्हणजे रव्याच्या चाळणीपेक्षा मोठी. बहुतेक माल खाली पडला पाहिजे, आणि तीन मिलिमीटरच्या वर काहीच नको. रंध्याचे छिलके, सालीचे तुकडे, पॅलेटच्या कापलेल्या कडा यांच्यासाठी हॅमर मिल (फिरत्या हातोड्यांनी भरडणारी चक्की) लागेल. तिच्या आधी चुंबक ठेवा. पॅलेटवाल्याच्या भुशात खिळे येतातच, आणि खिळ्याची ठिणगी हॅमर मिलमध्ये नको. झाडून गोळा केलेला भुसा घेऊ नका. त्यात माती असते, ती भट्टीत वितळून खंगर होते. प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट, रंगवलेलं लाकूड मक्याच्या ड्रायरला पूर्ण वर्ज्य. त्यातला डिंक आणि प्लास्टिक जळून काय निघतं ते दाण्याजवळ नको, एक्स्चेंजरला बारीकसं भोक पडलं तरीसुद्धा.

जितका बारीक आणि सुका भुसा तितका तो छान जळतो, आणि तितकाच तो धोक्याचा. २०१२ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तीन महिन्यांच्या अंतराने दोन लाकूड गिरण्या धुळीच्या स्फोटात उद्ध्वस्त झाल्या. जानेवारीत बर्न्स लेकला, एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्जला, प्रत्येक ठिकाणी दोन कामगार गेले. कापलं जात होतं ते किड्याने मारलेलं, उभ्या उभ्या वाळलेलं पाइन. त्याची धूळ नेहमीपेक्षा सुकी आणि बारीक. तुमचाही माल सुकं पाइनच आहे. हॅमर मिल आणि हॉपरची खोली भट्टीपासून वेगळी ठेवा, छताच्या अँगलवर आणि केबल ट्रेवर साचणारी धूळ आठवड्याला काढा, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून नव्हे, ओढून घेऊन. सगळे पाइप आणि मशीन अर्थ करा. त्या खोलीत वेल्डिंग करायचं तर आधी खोली धुऊन घ्या. हॉपरला स्फोटदाब मोकळा करणारं झाकण बाहेरच्या भिंतीकडे, माणसं नसतील त्या दिशेला द्या.

तूस आणि कुटार? तूस गोंदिया-भंडाऱ्याकडे चालतो, तुमच्याकडे लांबून आणावा लागेल. उष्णता किलोमागे तीन हजारांच्या आसपास, म्हणजे ताशी २३० किलो. मुख्य अडचण राखेची. स्वच्छ लाकडात राख जेमतेम एक टक्का, तुसात वीस. भुशावर बारा तासांत वीसेक किलो राख निघते, तुसावर साडेपाचशे किलो. ती राख जवळपास सगळी सिलिका आहे, म्हणजे वाळूचा कागद. पाइपची वळणं आणि पंख्याची पाती खाऊन टाकते. तुसाचं टरफल जळूनही आपला आकार धरून ठेवतं, आत कोळसा अडकतो, राख काळी पडते. त्याला वेगळी भट्टी हवी. ज्याने तुम्हाला "दोन्हीला चालेल" सांगितलं असेल, त्याची दोन्हीवर चालणारी भट्टी जाऊन बघा.

सोयाबीनच्या कुटारात आणि पऱ्हाटीच्या भुग्यात पोटॅश जास्त. त्याची राख लाकडाच्या राखेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला मऊ होते. ११०० अंशांच्या चेंबरमध्ये ती भिंतीवर मधासारखी ओघळते, आणि थंड झाल्यावर छिन्नीने निघते, विटेसकट. भुशात दहा टक्क्यांपर्यंत मिसळून मी चालवलंय, त्यापुढे नाही. भुईमुगाची टरफलं भरडून घेतली तर बरी जळतात. काजूची टरफलं कुणी देऊ केली तरी नको म्हणा, त्यातलं तेल पाइपात आणि एक्स्चेंजरवर चिकट थर करतं.

राखेसाठी एक्स्चेंजरनंतर मल्टिसायक्लोन (धूर गरगर फिरवून राख वेगळी करणारं यंत्र) घाला, आणि इंधन बदलण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ते बदलून घ्या. नंतर करू म्हटलं की हंगामाच्या मध्यावर नोटीस येते.

डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर तुम्ही ताशी सहा हजारांवर जाळताय, त्यामुळे पैसे वसूल होण्याची चिंता नाही. माझी एवढीच विनंती आहे की हे सगळं या हंगामात घाईने उभं करू नका. आधी फक्त हॉपर, मोजणारा स्क्रू आणि एअरलॉक बनवा. भट्टी नसतानाच त्यांना आठ तास चालवा, खाली वजनकाट्यावर गोणी ठेवून दर मिनिटाला वजन लिहा. तीन किलोच्या आसपास, शंभर-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे, आणि एकदाही हातोडा उचलावा लागला नाही, तर तो तक्ता मला पाठवा. सोबत तीन वेगवेगळ्या गाड्यांचा ओलावा आणि चाळणीवर किती उरलं तेही लिहा. मग चेंबरचं ड्रॉइंग तुमच्या फॅब्रिकेटरसोबत बसून काढू.